थोरला लावणीला जायचा

महाडच्या ज्या हायस्कुलात मी महिनाभर बसले, तिथले हेडमास्तर म्हणायचे, मुलाला वाचता येतं की नाही हे धड्यावरून कळत नाही, कादंबरीवरून कळतं. धडा पाठ करता येतो, कादंबरी पाठ करून येता येत नाही. ऐकायला किती छान वाटतं. मलाही वाटलं होतं. ह्याच वाक्याने माझी शाळा सुटली, म्हणून ते मला अजून जसंच्या तसं पाठ आहे.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. माझं घर पोलादपूरच्या वर, डोंगरात. गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरं तर वाडीच. चौथीपर्यंत शिकले वाडीखालच्या शाळेत, पाचवी ते सातवी पोलादपूरला, रोज डोंगर उतरून आणि चढून. सातवी पास झालेली वाडीतली मी पहिली मुलगी. ह्याचं कौतुक कुणाला होतं म्हणाल तर मला आणि थोडंसं बाबांना. आय म्हणायची, "पास झालीस तर झालीस, आता जरा चुलीकडं बघ गो."

बाबा मुंबईला गिरणीत होते. आमच्या वाडीत निम्म्या घरांतले पुरुष मुंबईलाच असायचे. ते गावी यायचे दोनदा, एकदा शिमग्याला आणि एकदा लावणीला. शिमगा एखाद्या वर्षी चुकला तरी चालायचं. लावणी चुकवून चालत नसे. आषाढात भाताची रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखल केलेल्या खाचरात नेऊन लावायच्या, आणि हे सगळं पाऊस आहे तोवर उरकायचं. ते दिवस गेले की वर्ष गेलं. गिरणीतला जॉबर रजा देवो न देवो, बाबा निघून यायचे. एकदा तर त्यापायी त्यांची जागा गेली आणि दुसऱ्या गिरणीत पुन्हा बदली कामगार म्हणून लागावं लागलं. वाडीतले लोक थट्टेने म्हणायचे, "याला लावणीचा नाद हाय." ती थट्टा कौतुकाची असायची. जो मुंबईवाला लावणीला येत नाही त्याच्याबद्दल बायका पाणवठ्यावर काय बोलायच्या ते मी इथे लिहीत नाही. असल्या मुलाला आमच्याकडे कुणी मुलगी देत नसे.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते ह्याच्यावाचून कळायचं नाही. हेडमास्तरांना कळलं नाही.

शिमग्याला बाबा आले तेव्हा मी हट्ट धरला की मला महाडला आठवीत जायचं. महाडला मामा होता, लाकडाच्या वखारीत कामाला. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत त्याचं दोन खणांचं बिऱ्हाड. राहायची सोय होती. पण आय हटून बसली. तिला घरात दोन हात हवे होते, आणि तिचं तरी काय चुकत होतं? बाबांनी मधला मार्ग काढला. म्हणाले, "जून म्हयन्यात जाऊन बस शाळंत. मी लावणीला येतो तेव्हा मास्तर काय बोलतो ते बघू. ठेवतो बोलला तर शीक. नाय बोलला तर गुमान लावणीला घरी यायचं, मंग परत शाळेचं नाव नाय." मी हो म्हटलं. त्या वयात आपण नापास होऊ असं कुणाला वाटतं?

त्या शाळेची रीत अशी होती की बाहेरगावची मुलं आठवीत बसवून घ्यायची, पण कच्ची. महिनाभर हेडमास्तर स्वतः त्यांचं वाचन तपासायचे आणि मग ठरवायचे, कोण राहणार आणि कोण परत जाणार. हेडमास्तर पुण्याकडचे. स्वच्छ धोतर, बंद गळ्याचा कोट, आवाज असा की व्हरांड्यातून आला तरी फळ्यापर्यंत पोचायचा. लोक त्यांना फार मानायचे. रस्त्यात दिसले की वखारीतला माझा मामा खांद्यावरचा टॉवेल काढून बाजूला उभा राहायचा.

वाचन तपासायचं त्यांचं हत्यार म्हणजे एक जुनी कादंबरी. नाव लिहीत नाही. त्या पुस्तकाचा काही दोष नाही, आणि ज्यांना ते आवडतं त्यांना माझ्यामुळे ते नावडतं व्हायला नको. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, कडा मऊ पडलेल्या. नदीकाठचं एक शहर, तिथली एक विधवा आई आणि तिचे दोन मुलगे, अशी ती गोष्ट. वर्गात रोज एकाने उठायचं, हेडमास्तर दाखवतील तिथून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. महिना संपत आला की एकेकाला पुढे बोलावून एक पान वाचायला लावायचे आणि मग विचारायचे. उच्चार, अर्थ आणि पात्रांची पारख, अशा तीन गोष्टी ते बघायचे. सर म्हणायचे, पारख हीच खरी. बाकीचं पोपटालाही येतं.

उच्चारांत मी मार खाणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या तोंडात 'ण' नव्हता. 'पाणी' म्हणायला जावं तर 'पानी' व्हायचं, आणि मागच्या बाकांवरून खसखस यायची. मग मी मामाकडे भांडी घासताना 'ण' घोटायला लागले. पाणी, लोणी, आणि, कोण, अंगण. मामी म्हणायची, "काय पुटपुटतेस, भूत लागलंय काय?" पहिले काही दिवस तर मी 'मन' ह्याचंही 'मण' करायचे आणि आईचं मण भरून आलं असं वाचून वर्गाला हसवायचे. पण आला 'ण'. महिन्याच्या शेवटी माझा 'ण' महाडच्या मुलांपेक्षा खणखणीत होता. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. सर स्वतः म्हणाले होते, "आता जमलं हो तुला."

आणि ती कादंबरी मला आवडली. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण पुढे मला वाचलेलं कळत नाही असा निकाल लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला धडा नसलेलं पुस्तक ऐकायला मिळत होतं. शाळा सुटल्यावर मी तळ्याच्या बाजूने घरी जाताना आज त्या आईने काय केलं असेल, उद्या ती काय करील ह्याचाच विचार करायचे. धाकटा मुलगा मला मुळीच आवडायचा नाही. सदा पुस्तकात डोकं, आईला गोड गोड बोलायचं आणि घरातली काडी इकडची तिकडे करायची नाही. माझा जीव होता थोरल्यावर.

कारण थोरला लावणीला जायचा.

पुस्तकात तसंच लिहिलं होतं. थोरल्याची पावलं संध्याकाळ झाली की लावणीकडे वळत. लावणीपायी त्याला घराची आठवण राहत नसे. लावणीचा त्याला नाद लागला होता. आई दारात बसून वाट बघायची, तो पहाटे यायचा, थकलेला, डोळे लाल, आणि काही न बोलता अंथरुणावर पडायचा. आता मला सांगा, ह्यात मला न कळण्यासारखं काय होतं? लावणीच्या दिवसांत घराची आठवण कुणाला असते? आम्ही बांधावरच जेवायचो. माणसं थकून अशीच पडायची, पायांच्या बोटांच्या बेचक्या कुजून लाल व्हायच्या. आणि नाद तर माझ्या बाबांनाच होता, सगळी वाडी म्हणायची. मला त्या लेखकाचं नवल वाटायचं, की इतक्या लांबच्या शहरातल्या माणसाला आमच्या घरातलं कसं काय कळलं.

काही गोष्टी बसत नव्हत्या, नाही असं नाही. ही लावणी रात्रीची कशी काय चालते, हे मला कळेना. मग वाटलं, लेखक शहरातला, त्याला शेतीतलं काय डोंबल कळणार, लिहिलं असेल आपलं ठोकून. त्याला मी मोठ्या मनाने माफ केलं. थोरल्याच्या कपड्यांना अत्तराचा वास येतो असंही एका ठिकाणी होतं. ती मोठ्या घरची माणसं, चिखलाचा वास जावा म्हणून लावत असतील अत्तर. आणि आई रडायची का? मोठ्या घरचा मुलगा, बाप गेल्यावर दिवस फिरले, आता दुसऱ्याच्या खाचरात वाकायची पाळी आली. मग आई रडणार नाही तर काय हसणार? मला स्वतःला त्या पानावर रडू यायचं. 'लावणी' हा शब्द आला की मागच्या बाकांवरची मुलं एकमेकांना कोपरं मारून हसायची. मला राग यायचा. शहरातली पोरं, शेतकऱ्याला हसतात, असं मला वाटायचं.

माझा नंबर आला तो आषाढातच. बाबांचं पत्र आलं होतं, दोन-चार दिवसांत येतो म्हणून. म्हणजे माझ्या डोक्यात त्या आठवड्यात लावणी सोडून दुसरं काही नव्हतं. सरांनी मला नेमकं तेच पान काढून दिलं, आई दारात बसलेली आहे ते. मी वाचलं. एकही 'ण' चुकला नाही. वर्ग गप्प होता. सर मान डोलावत होते. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग त्यांनी विचारलं, "आता सांग, थोरल्या मुलाचा स्वभाव कसा आहे?"

मी म्हणाले, "थोरला चांगला आहे. तो कष्टाळू आहे. धाकटा नुसता बसून खातो, पण थोरला रोज लावणीला जातो."

सरांच्या भुवया वर गेल्या. "कुठे जातो?"

"लावणीला. रात्रीसुद्धा जातो. म्हणून आईला त्याचं वाईट वाटतं."

वर्ग फुटला. मुलं बाकांवर आपटून हसत होती. मुलींच्या बाकावरच्या दोघीतिघींनी ओढणी नाही, पदर नाही, वहीच तोंडावर धरली. आणि सर. सर टेबलावर हात ठेवून इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मी उभी. हातात पुस्तक तसंच. आपलं काय चुकलं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले. म्हणाले, "आमचे बाबापण येतात लावणीला." मग तर विचारूच नका.

हसून झाल्यावर सर म्हणाले, "बस खाली. आणि लावणी म्हणजे काय ते घरी विचार."

घरी विचारलं. मामी भाकरी थापत होती. मी म्हटलं, "मामी, लावणी म्हणजे काय?" ती म्हणाली, "शेतकऱ्याची पोर ना तू?" मी म्हटलं, "ती नाही. दुसरी. कादंबरीतली. रात्रीची." मामीचा हात थांबला. "हे शिकवतात शाळेत? चांगल्या घरच्या मुली असलं विचारत नाहीत," म्हणाली, आणि पिठाच्या हातानेच माझ्या तोंडावर चापट दिली. शेजारच्या बाकावरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "अय्या, मी नाही बाई सांगणार."

आज ह्या वयात मला त्या गोष्टीची चीड येते ती इथे. मला तो शब्द माहीत असता, मी उभी राहून सरळ म्हणाले असते की थोरला नाचगाण्याच्या फडावर जातो, बाईच्या नादी लागलाय, तर त्याच सरांनी मामाला बोलावून विचारलं असतं, एवढ्याशा मुलीला हे कुठून कळलं? शाळेत ठेवली असती का मला? माहीत असतं तर मुलगी वाया गेलेली, माहीत नव्हतं तर मुलगी ढ. मुलांना माहीत असणं चालत होतं. ज्या मुलाने मागे बसून सगळ्यात आधी हसायला सुरुवात केली, त्याला एक ओळ धड वाचता येत नव्हती. तो पास झाला. सर म्हणाले, अडखळतो, पण त्याला कळतं.

बाबा यायच्या आदल्या दिवशी मामा सरांना भेटायला गेला. मला बरोबर नेलं. सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मामा उभा, टॉवेल हातात. सर म्हणाले, "मुलगी मेहनती आहे. वाचते स्वच्छ. पण वाचलेलं कळत नाही हो. पोपटासारखं वाचते." आणि मग त्यांनी मामाला ती गोष्ट सांगितली, थोरला, लावणी, कष्टाळू, सगळी. सांगताना पुन्हा हसले.

मामाला दोन्ही लावण्या माहीत होत्या. तो आमच्या वाडीच्या शेजारच्या वाडीत वाढला होता, आषाढ-आषाढ चिखलात उभा राहिला होता, आणि महाडच्या बाजारात आलेला तमाशाही त्याने पाहिला होता. त्याने फक्त एवढं म्हणायचं होतं, की सर, आमच्याकडे लावणी म्हणजे भाताची. एक वाक्य. पुण्याकडून आलेल्या माणसाला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. मी मामाच्या तोंडाकडे बघत होते. मामा हसला. सर हसतात म्हणून हसला, आणि म्हणाला, "पोरगी डोंगरातली हाय साहेब, तिला काय कळतंय."

सरांना मी माफ केलं असतं, ते परके होते. मामाला मी नाही केलं. पुढे म्हातारपणी त्याचे गुडघे धरले तेव्हा त्याला सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायला मी महिन्यातून एकदा जायचे, भाचीचं कर्तव्य म्हणून. त्याला पाण्यात बसवून काठावर उभी राहायचे. पण त्याच्याशी मोकळेपणाने बोलले नाही ती नाहीच.

बाबा आले. मामाने त्यांना सगळं सांगितलं. आणि बाबाही हसले. मुंबईत लालबागला राहणारा माणूस, त्यांना काय माहीत नसणार? हसले आणि मग माझ्याकडे बघून थांबले, पण हसले ते मी पाहिलं. "जाऊ दे गो," म्हणाले. "सातवी काय कमी हाय?" बोलीप्रमाणे मी ट्रंक उचलली. पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे डोंगर. त्या वर्षी मी लावणीला गेले.

खाचरात बायकांना बाबांनीच ती गंमत सांगितली. ज्यांना मुंबईचं वारं लागलं होतं त्या हसल्या, बाकीच्या त्यांना बघून हसल्या. आय माझ्या शेजारी वाकून रोपं लावत होती. तिने थोड्या वेळाने हळूच विचारलं, "मंग तुझं चुकलं काय?" मी म्हटलं, "मला नाय ठाव." ती म्हणाली, "थोरला लावणीला गेला. चांगलाच हाय की." त्या सगळ्या माणसांत न हसलेली ती एकटी. तिचा मला आधार वाटला असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा तिचाही राग आला, की हिलाही माहीत नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्या वाडीला शाळा मंजूर झाली आणि डोंगर चढून यायला एकही मास्तर तयार होईना. सातवी पास बाई अख्ख्या पट्ट्यात मी एक. लागले. मग मला ट्रेनिंगला पाठवलं. तिथे माझ्या खोलीत घाटावरची एक बाई होती, तिला मी धीर करून विचारलं. तिने हसत हसत सांगितलं, ढोलकी, घुंगरू, पायांचा ठेका, सगळं. एवढंच होतं होय, असं मला वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी मला महाडहून परत पाठवलं. त्या रविवारी तिथल्या वाचनालयातून मी ती कादंबरी काढली आणि शेवटपर्यंत वाचली. थोरला शेवटी वाया जातो. धाकट्याचं सगळं चांगलं होतं. मला पटलं नाही. लेखकाने काही लिहू दे, माझा थोरला मला अजून खरा वाटतो.

आता शेवटचं. साठ सालानंतर कधीतरी महाडला तालुक्यांतल्या शिक्षकांचं शिबिर भरलं. विषय होता, मुलांचं वाचन कसं तपासावं. मी पोलादपूरच्या दोघी शिक्षिकांबरोबर गेले. पाहुणे म्हणून कोण, तर तेच हेडमास्तर. निवृत्त झाले होते, केस पांढरे, पण आवाज तोच, आणि आता त्याला लाउडस्पीकरची जोड. मी मधल्या रांगेत बसले.

ते बोलायला लागले आणि थोड्याच वेळात मला कळलं की ते काय सांगणार. डोंगरातली एक मुलगी. चपचपीत तेल लावलेले केस, परकर वर खोचलेला. मी परकर कधी वर खोचला नव्हता, शाळेत तर नाहीच. "मी विचारलं, थोरला कसा? तर म्हणते कशी, लई कष्टाळू हाय जी, रातच्याला डोक्यावर इरलं घेऊन लावणीला जातोय." मी 'जी' म्हणाले नव्हते. आमच्याकडे 'जी' म्हणतच नाहीत. पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्याचं तर मी नावसुद्धा काढलं नव्हतं. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. माझ्या शेजारची बाई माझ्या दंडाला धरून हसत होती.

मग त्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. ते म्हणाले, "दुसरा कुणी असता तर त्याने त्या मुलीला नापास केलं असतं. मी विचार केला. म्हटलं, ही तिच्या मातीतून वाचते आहे. हिला वाचलेलं इतरांपेक्षा जास्त कळतं. मी तिला पास केलं."

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडत होत्या.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. म्हणाले, "सर, त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"शिकली की," ते म्हणाले. "मॅट्रिक झाली. चांगलं चाललंय तिचं."

"सर, ती मुलगी मी. आणि तुम्ही मला..."

'मी' पर्यंतच ऐकू गेलं. पुढचं टाळ्यांत बुडालं. लोक माना वळवून बघत होते, कुणीतरी मला पुढे ढकललं, कुणीतरी व्यासपीठावर चढायला हात दिला. हार सरांना घातला होता, तो त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते, खरंच भरून आले होते. ते खोटं बोलत नव्हते हे मला तेव्हा दिसलं. सांगून सांगून त्यांना तसंच आठवत होतं. ह्याचं करायचं काय, मला सांगा.

ते माइककडे वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "सांग बाई आता सगळ्यांना. लावणी म्हणजे काय?"

मी माइकसमोर तोंड नेलं, म्हणजे ह्या वेळी तरी शेवटपर्यंत ऐकू जावं. आणि एकेक शब्द स्वच्छ उच्चारला, सगळ्या 'ण'सकट. "लावणी भाताची असते, सर. तुम्ही मला नापास केलंत, त्या वर्षी मी लावणीलाच गेले होते."

सगळे हसले, आधीपेक्षा जास्त. सर तर टेबलावर हात ठेवून हसले आणि चष्मा काढून पुसायला लागले. पुसता पुसता शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "बघितलंत? अजून तश्शीच आहे."